एक संगणक, चार खाती

पिंपरी-चिंचवडात राहणाऱ्या बायकांना ‘शिफ्ट’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. फर्स्ट शिफ्टचा डबा पहाटे, सेकंडचा दुपारी, आणि नाइट करून आलेल्याची झोप मोडू नये म्हणून कुकरच्या शिट्ट्यासुद्धा बेतानं! आमच्या घरी माणसांच्या शिफ्ट नाहीत. ह्यांचं भोसरी एमआयडीसीत छोटंसं वर्कशॉप आहे. पण घरातला एकुलता एक संगणक मात्र तिन्ही शिफ्टमध्ये राबतो. सकाळी मी शाळेची प्रश्नपत्रिका नाही तर गुणांचे तक्ते करते, दुपारी लेकीचं कॉलेजचं काम, आणि रात्री जेवणं आटोपली की हे वर्कशॉपची बिलं आणि रिपोर्ट घेऊन बसतात.

एका संगणकावर तीन माणसं, आणि खाती मात्र चार. एक घरचं जीमेलचं, एक वर्कशॉपच्या नावानं उघडलेलं, एक मला शाळेनं दिलेलं आणि एक लेकीला कॉलेजनं दिलेलं. प्रत्येक खात्याबरोबर फाइली ठेवायला इंटरनेटवर जागा मिळते, आणि तिथल्या व घरातल्या फाइली सारख्या ठेवणारं एक अ‍ॅप संगणकावर बसवता येतं. आम्हीही ती सगळी बसवली आणि निर्धास्त झालो. आता सगळं ‘वर’ आहे, आता काही हरवायचं नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतही असे.

आणि मग मीच ते हरवलं. कसं, ते सांगते. तुमच्या घरात तसं होऊ नये म्हणूनच हा लेख.

साफसफाईचा तो दिवस

पाडवा चार दिवसांवर आला होता. माळे झाडून झाले, डबे घासून झाले, आणि मग माझी नजर संगणकाकडे वळली. तो फार मंद चालत होता आणि ‘जागा संपत आली’ असं लाल अक्षरात सांगत होता. उघडून बघते तर दोन ड्राइव्ह दिसले, एक ‘जी’ आणि एक ‘एच’. दोन्हींत ‘रिपोर्ट’ नावाचं फोल्डर, दोन्हींत ‘घर’ नावाचं फोल्डर! मी म्हटलं, बघा, एकच सामान दोनदा भरून ठेवलंय. ‘एच’मधली दोन्ही फोल्डरं काढून टाकली, हात झटकले आणि पुरणाची डाळ आणायला बाहेर पडले.

तासाभरात ह्यांचा फोन. आवाज चढलेला. मालाची गाडी चाकणला कंपनीच्या गेटवर उभी होती. मालाबरोबर तपासणीचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि मोबाइलवर उघडायला जावं तर रिपोर्टचं फोल्डरच गायब! “तू कॉम्प्युटरवर काही केलंस का?” मी म्हटलं, “मी फक्त डबल होतं ते काढलं.” पलीकडे क्षणभर शांतता. तेवढ्या शांततेत मला काय ते कळलं.

‘जी’ हे घरचं खातं होतं. त्यातलं ‘रिपोर्ट’ फोल्डर दोन वर्षांपूर्वीचं, जुनं. ‘एच’ हे वर्कशॉपचं खातं, आणि चालू काम सगळं त्यात. नावं सारखी, माल वेगळा. आपण दोन डब्यांवर ‘डाळ’ लिहून ठेवावं आणि एकात तूर, एकात हरभरा असावा, तसं. दोष अ‍ॅपचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

ह्यांनी मोबाइलवरच त्या खात्यातली कचरापेटी, म्हणजे ‘ट्रॅश’, उघडली, ‘रिपोर्ट’ फोल्डर परत जागेवर आणलं आणि गाडी आत गेली. संध्याकाळी घरी आल्यावर दोघंही हसलो. ‘घर’ नावाच्या फोल्डरची मात्र त्या गडबडीत कुणालाच आठवण झाली नाही. तिकडे मी शेवटी येईन.

शिपाई आणि दोन वह्या

हे अ‍ॅप नेमकं करतं काय, हे मला त्यानंतर नीट समजून घ्यावंसं वाटलं. आपण एरवी ‘ढग’, ‘क्लाउड’ असले शब्द ऐकतो आणि मान डोलावतो. आकाशात काही नसतं, बरं का! फाइली असतात त्या कुठल्या तरी मोठ्या इमारतीतल्या संगणकांवर. मायक्रोसॉफ्टनं २०१५ साली भारतात अशी तीन केंद्रं सुरू केली, त्यातलं एक आपल्या पुण्याचंच आहे.

आता शाळेतलं उदाहरण घ्या. समजा, हजेरीची एक वही वर्गात आहे आणि तशीच दुसरी ऑफिसात. मधे एक शिपाई नेमलाय. वर्गातल्या वहीत मी काही लिहिलं की तो धावत जाऊन ऑफिसातल्या वहीत तेच लिहितो. ऑफिसात कुणी बदललं की येऊन माझ्या वहीत बदलतो. तर हे अ‍ॅप म्हणजे तो शिपाई. अतिशय इमानी, पण डोकं न चालवणारा. मी वर्गातल्या वहीतलं पान फाडलं तर तो ऑफिसातल्या वहीतलंही पान फाडतो. “बाई, चुकून तर नाही ना?” असं तो विचारत नाही. म्हणून दोन वह्या आहेत याचा अर्थ एक जादा प्रत राखून ठेवली आहे, असा होत नाही. माझी सगळी चूक इथेच होती.

या शिपायाचा जन्मही गमतीदार आहे. ड्रू ह्यूस्टन नावाचा अमेरिकन तरुण बोस्टनहून न्यूयॉर्कला बसनं निघाला आणि पेनड्राइव्ह घरीच विसरला. बसमध्ये करायचं काम अडून राहिलं. त्या वैतागातून त्याला ही कल्पना सुचली, असं तो सांगतो. आरश फिरदौसी या मित्राबरोबर त्यानं २००७ साली ड्रॉपबॉक्स ही कंपनी काढली. गूगलचा ड्राइव्ह २०१२ साली आला. मायक्रोसॉफ्टचा वनड्राइव्ह तर आता विंडोजबरोबर आपसूकच येतो. म्हणजे तुम्ही बोलावला नसला तरी एक शिपाई तुमच्या दारात उभा असतोच!

फुकट जागा किती, तर गूगलकडे १५ जीबी (त्यात जीमेल आणि फोटोही आले, जून २०२१ पासून चढवलेले फोटोसुद्धा त्याच हिशेबात धरतात), वनड्राइव्हकडे ५ जीबी आणि ड्रॉपबॉक्सकडे २ जीबी. एका खात्यात भागत नाही म्हणून माणसं दुसरं उघडतात, ऑफिस तिसरं देतं, कॉलेज चौथं. खाती वाढतात ती अशी.

एका घरात किती शिपाई?

मग प्रश्न येतो की, एकाच संगणकावर एकाच कंपनीचे दोन-तीन शिपाई ठेवता येतात का? प्रत्येक कंपनीची रीत निराळी आहे.

गूगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये एका वेळी चार खाती जोडता येतात. खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ ड्राइव्हचं छोटं चिन्ह असतं. त्यावर क्लिक करून ‘प्रेफरन्सेस’मध्ये जा, तिथं दुसरं खातं जोडायची सोय आहे. प्रत्येक खात्याला संगणकात वेगळं अक्षर मिळतं, आमच्याकडे ‘जी’ आणि ‘एच’ होतं तसं. अक्षरावरून कुणाचं काय हे कळत नाही, हा धडा मी घेतलाच आहे.

वनड्राइव्हमध्ये घरगुती खातं एकच जोडता येतं, पण त्याच्या जोडीला ऑफिसचं किंवा शाळा-कॉलेजचं खातं चालतं. ड्रॉपबॉक्समध्ये एक घरगुती आणि एक कामाचं अशी जोडी चालते. दोन घरगुती खाती एकदम चालत नाहीत.

यावर पोरं काही युक्त्या काढतात. अ‍ॅपची दुसरी प्रत वेगळ्या फोल्डरात टाकायची, तिला वेगळं नाव द्यायचं आणि आडवाटेनं सुरू करायची. चालतं, नाही असं नाही. पण कंपनीनं अ‍ॅपची नवी आवृत्ती पाठवली की ही जुगाडं कोलमडतात, आणि मग तक्रार घेऊन जायला दार नसतं. वर्कशॉपची कागदपत्रं आणि मुलांचे फोटो असल्या जुगाडावर सोपवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्येकाला आपली खोली

यापेक्षा सरळ आणि टिकाऊ उपाय संगणकातच आहे, आणि तो बहुतेक घरांत वापरलाच जात नाही. विंडोजमध्ये प्रत्येक माणसाचं वेगळं लॉगिन करता येतं. एका घरात तीन खोल्या कराव्यात तसं. प्रत्येक खोलीत आपलं डेस्कटॉप, आपली फोल्डरं आणि आपला शिपाई. ह्यांच्या खोलीतला शिपाई माझ्या खोलीत येत नाही, आणि माझा केरसुणीचा हात त्यांच्या खोलीत पोचत नाही!

करायचं असं. ‘सेटिंग्ज’ उघडा, ‘अकाउंट्स’मध्ये जा, तिथं ‘अदर यूजर्स’ म्हणून जागा आहे, ‘अ‍ॅड अकाउंट’ म्हणा. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एकेक लॉगिन करा आणि प्रत्येकाला पासवर्ड किंवा आकडी पिन घालू द्या. एकच माणूस ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ ठेवा, म्हणजे किल्ल्यांचा जुडगा एकाकडे. बाकीचे ‘स्टँडर्ड’. मुलांच्या हातून नको ते प्रोग्रॅम बसण्याचं भयही त्यानं कमी होतं.

मग प्रत्येकानं आपल्या लॉगिनमध्ये शिरून आपलंच खातं जोडायचं. आमच्याकडे आता ह्यांच्या लॉगिनमध्ये वर्कशॉपचं खातं, लेकीच्या लॉगिनमध्ये कॉलेजचं वनड्राइव्ह, आणि माझ्या लॉगिनमध्ये घरचं व शाळेचं अशी दोन. ही दोन एकत्र असली तरी दोन्हीही मीच वापरते, आणि फोल्डरांना ‘घर-फोटो’, ‘शाळा-गुण’ अशी पूर्ण नावं दिली आहेत. नुसतं ‘घर’ किंवा ‘नवीन फोल्डर’ हे नाव आमच्या घरात आता बंद!

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, लॉगिन पुरतं बंद केलं, म्हणजे ‘साइन आउट’ केलं, की त्या खोलीतला शिपाईही घरी जातो. ह्यांनी रात्री रिपोर्ट करून लगेच साइन आउट केलं तर तो वर पोचलेला नसण्याची शक्यता असते. म्हणून आधी चिन्हाकडे बघायचं. काम पुरं झाल्याची खूण दिसली की मगच उठायचं. दोन, साइन आउट न करता नुसतं दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये गेलं तर मागचा शिपाई धावतच राहतो. तीन खोल्यांत तीन-चार शिपाई एकदम धावायला लागले की जुना संगणक धापा टाकतो. तुमच्या संगणकाची मेमरी ४ जीबीच असेल तर एका वेळी एकच खोली उघडी ठेवलेली बरी.

आणि एखाद्या खात्याची गरज महिन्यातून एकदाच पडत असेल, तर त्यासाठी शिपाई नेमूच नका. ब्राउझरमध्ये ते खातं उघडावं, फाइल बघावी, बंद करावं. क्रोममध्ये प्रत्येक खात्याची वेगळी ‘प्रोफाइल’ करता येते, म्हणजे एकाचं पत्र दुसऱ्याच्या खात्यातून जात नाही. तेवढ्यानं पुष्कळदा काम भागतं.

एवढं मात्र करू नका

एकच फोल्डर दोन शिपायांच्या हाती देऊ नका. वनड्राइव्ह ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ सांभाळू का विचारतो, गूगलही तेच विचारतो, आणि आपण घाईत दोघांनाही ‘हो’ म्हणून बसतो. मग एकानं ठेवायचं आणि दुसऱ्यानं हलवायचं, असा दोन जावांचा कारभार सुरू होतो. कोणतं फोल्डर कुणाकडे, हे एकदा ठरवा आणि दुसऱ्याला स्वच्छ ‘नाही’ म्हणा.

एकच फाइल दोघांनी दोन ठिकाणी एकाच वेळी उघडून बदलू नका. शिपाई गोंधळतो, दोन्ही प्रती ठेवतो आणि एकीच्या नावापुढे शेपूट जोडतो. ड्रॉपबॉक्स तिला ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ म्हणतो. अशी शेपटीवाली फाइल दिसली की ती डबल समजून काढून टाकू नका. दोन्ही उघडा, ताडून बघा, मग ठरवा.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरची चालू फाइल अशा फोल्डरात ठेवू नका. ती क्षणाक्षणाला बदलत असते. शिपाई मधेच तिचा अर्धा भाग उचलून नेतो आणि डेटा बिघडू शकतो. जीएसटीच्या तारखेच्या आदल्या रात्री हे झालं तर काय होईल, ते मी सांगायला नको! दिवसाचं काम संपलं की सॉफ्टवेअरमधून बॅकअप घ्यावा आणि ती बॅकअपची फाइल वर जाऊ द्यावी.

वीज गेली आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालू असलं तर शिपायांना जरा बसायला सांगा. अ‍ॅपमध्ये ‘पॉज’ अशी सोय असते. नाही तर तुमच्या दिवसाच्या डेटाचा फडशा लेकीचे कॉलेजचे व्हिडिओ पाडतात आणि तुमचं साधं पत्र अडून राहतं.

वर्षाचं धान्य की रोजचा वाणी?

माझा संगणक मुळात भरला का होता, तेही कळलं. फाइली ठेवायच्या दोन पद्धती असतात. गूगल एकीला ‘मिरर’ म्हणतो आणि दुसरीला ‘स्ट्रीम’. मिरर म्हणजे वर्षाचं धान्य भरणं. सगळं वरही आहे आणि सगळं घरातही आहे. इंटरनेट नसलं तरी अडत नाही, पण जागा तेवढी लागते. स्ट्रीम म्हणजे लागेल तसं वाण्याकडून आणणं. यादी घरात, माल दुकानात. उघडली की ती फाइल तेवढी खाली येते. जागा वाचते, पण इंटरनेट नसलं की हात रिकामे.

चार खाती आणि चारही ‘मिरर’वर ठेवली, तर संगणकाचा कोठीघर तुंबणारच. आम्ही आता फोटो ‘स्ट्रीम’वर ठेवले आहेत, आणि रोज लागणाऱ्या थोड्या फाइलींवर ‘ऑफलाइन ठेवा’ अशी खूण केली आहे. संगणकाचा श्वास मोकळा झाला, आणि त्यासाठी एकही फाइल काढून टाकावी लागली नाही. पाडव्याच्या आधी हे ठाऊक असतं तर!

खातं कुणाचं?

आता थोडं गंभीर बोलते. खातं म्हणजे नुसती फाइली ठेवायची जागा नाही. त्या जागेचा मालक कोण, हा प्रश्न आहे.

ऑफिसनं दिलेलं खातं ऑफिसचं असतं. माझ्या ओळखीच्या एका घरात मुलांच्या जन्मापासूनचे फोटो नवऱ्याच्या कंपनीच्या खात्यात जात होते. जागा भरपूर, पैसे पडत नाहीत, मग काय हरकत? त्यांनी नोकरी बदलली, लॅपटॉप परत केला, खातं बंद झालं आणि फोटोही गेले. कंपनीची त्यात चूक नव्हती. त्यांनी आपलं खातं बंद केलं, एवढंच. आपल्याकडे तळेगावपासून चाकणपर्यंत नोकऱ्या बदलणं काही नवं नाही. तेव्हा घरचं सामान कंपनीच्या गोदामात ठेवू नका. आणि उलटही पाळा. कंपनीची ड्रॉइंगं घरच्या खात्यात आणू नका, नोकरीवर बेतेल. मी शाळेतल्या मुलांचे गुण घरच्या खात्यात ठेवत नाही. दुसऱ्यांची मुलं आहेत ती.

दुसरं, तुमचं स्वतःचं असं एक खातं आहे का? पुष्कळ मैत्रिणी म्हणतात, “ह्यांच्याच खात्यात असतं सगळं.” असू दे, विश्वासाचा प्रश्न नाही. पण तुमची पदवीची प्रमाणपत्रं, माहेरकडची कागदपत्रं, तब्येतीचे रिपोर्ट, तुमच्या नावच्या ठेवींच्या पावत्या, हे तुमच्या नावच्या खात्यात असावं आणि पासवर्ड विसरला तर येणारा नंबरही तुमच्याच मोबाइलवर यावा. बँकेत आपल्या नावचं पासबुक असलं की जसा आधार वाटतो, तसाच हा. मी शाळेत अर्धवेळ शिकवायला लागले तेव्हा जुनी गुणपत्रिका शोधायला तीन दिवस लागले होते. आता तीन मिनिटं लागतात.

मग घरातलं सगळ्यांना दिसायचं कसं? त्यासाठी एकच खातं सगळ्यांनी वापरायची गरज नाही. माझ्या खात्यातलं ‘घर-फोटो’ फोल्डर मी ह्यांना आणि लेकीला ‘शेअर’ केलंय, तेही ‘व्ह्यूअर’ म्हणून. त्यांना दिसतं, उतरवून घेता येतं, पण चुकून पुसता येत नाही. हे फार सोयीचं आहे.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या नावानं मोबाइल घेताना उघडलेली खातीही विसरू नका. दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर गूगल असं खातं काढून टाकू शकतं. हा नियम २०२३ साली आला. अधूनमधून तिथं डोकावून यावं.

कचरापेटीचे तीस दिवस

शिपाई म्हणजे राखण नव्हे, हे मी वर म्हटलंच. चुकून पुसलेली फाइल कचरापेटीत जाते, पण ती पेटी कायमची नाही. गूगलची पेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. वनड्राइव्हचं घरगुती खातं आणि ड्रॉपबॉक्सचं फुकट खातं यांतही साधारण तेवढेच दिवस मिळतात. म्हणून काही हरवल्यासारखं वाटलं तर “बघू निवांत” म्हणू नका, त्याच दिवशी बघा. आणि एक फोल्डर परत आणलंत, तर बाकीची यादीही शेवटपर्यंत वाचा.

खरी राखण म्हणजे वेगळी प्रत, जिच्यापर्यंत शिपाई पोचत नाही. फाइली राखण्याच्या या कामावर मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. ड्रुवा नावाची एक तर २००८ साली आपल्या पुण्यातच सुरू झाली. आपल्याला तेवढं नको. एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्या. महिन्यातून एकदा जोडा, महत्त्वाचं सगळं तिच्यावर उतरवा, काढा आणि कपाटात ठेवा. जोडलेलीच ठेवू नका. संगणकात व्हायरस शिरला तर तोही तिच्यापर्यंत पोचतो. भोसरीत पुष्कळ वर्कशॉपना गुरुवारी सुट्टी असते. आमच्याकडे महिन्याचा पहिला गुरुवार या कामाचा. हे करतात, मी चहा ठेवते. कधी मी करते आणि हे चहा ठेवतात.

सात ओव्या

आता त्या ‘घर’ फोल्डरकडे येते.

वैशाखात सासूबाईंचं दुसरं वर्षश्राद्ध होतं. सासूबाई खेड तालुक्यातल्या. लहानपणी जात्यावर ऐकलेल्या ओव्या त्यांना पाठ होत्या. शेवटच्या आजारपणात एकदा त्या पडल्या पडल्या म्हणत होत्या आणि ह्यांनी मोबाइलवर आवाज उतरवून घेतला. अकरा ओव्या होत्या. श्राद्धाला सगळे जमणार, तेव्हा त्या ऐकवाव्यात असं ठरलं. फोल्डर शोधायला गेलो आणि आमच्या दोघांच्याही लक्षात एकदमच आलं. तो आवाज ह्यांच्या मोबाइलवरून वर्कशॉपच्या खात्यात गेला होता, ‘एच’मध्ये, ‘घर’ नावाच्या फोल्डरात. त्याला मधे दीड महिना होऊन गेला होता. पेटी रिकामी.

हे मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

रात्री नणंदबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “थांब वहिनी, दादानं मला काही पाठवल्या होत्या.” जुन्या मोबाइलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर, सात ओव्या निघाल्या. चार गेल्या त्या गेल्या. त्यातली एक लेकीच्या बारशाच्या वेळची होती, असं ह्यांना आठवतं. शब्द मात्र कुणालाच आठवत नाहीत.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी खेड्यापाड्यांतून हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर येताहेत, अनेक बायकांच्या आवाजात ऐकायलाही मिळतात. मी त्या ऐकत बसते, आणि मनात येतं की परक्या माणसांनी एवढ्या बायकांचे आवाज जपले, आणि मला घरातल्या एकीचे अकरा जपता आले नाहीत.

त्या सात ओव्या आता माझ्या खात्यात आहेत, नणंदबाईंच्या खात्यात आहेत, कपाटातल्या हार्ड डिस्कवर आहेत. लेकीनं त्या वहीत लिहूनही काढल्या. ती वही शाईची आहे, तिला शिपाई लागत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. घरातल्या संगणकासमोर बसा आणि एका कागदावर लिहा की खाती किती, प्रत्येक खातं कुणाचं, आणि त्यात काय आहे. लिहिताना कुठे अडखळलात तर तिथूनच सुरुवात करा. आणि ती यादी पुरी होईपर्यंत, संगणक कितीही मंद चालला तरी, साफसफाईला हात लावू नका.